केळीच्या घडाची पिशवी

पहूरहून जळगावकडे निघालं की गाव संपता संपता डाव्या हाताला निंबाचं वॉशिंग सेंटर लागतं. सेंटर म्हणजे काय, सिमेंटचा एक रॅम्प, बोअरची मोटर, पत्र्याची शेड आणि त्यात सदा ओल्या पायांनी वावरणारा निंबा. पाटीबिटी काही नाही. पाटी लागतेच कशाला? निंबाने धुतलेली गाडी रस्त्यात बंद पडत नाही, हे इथला कोणताही ड्रायव्हर छातीठोकपणे सांगायचा. सांगायचा म्हणतोय मी, हे लक्षात ठेवा.

तुम्ही म्हणाल, गाडी धुण्यात असं काय मोठं? अहो, वरचं अंग धुण्यात काहीच नाही. पाणी मारा, फेस करा, पुसा, झालं. खरी गोम बॉनेटच्या खाली असते. तिथे वायरी, फ्यूजचा डबा, डायनामो, हवेचा फिल्टर, सगळं पाण्याचं वैरी. चुकीच्या जागी पाणी शिरलं की नवी कोरी गाडीही रडवते. निंबा आधी गाडी सावलीत लावून ठेवायचा. हात टेकवता येईल इतकं इंजिन गार झाल्याशिवाय पाण्याला हातच लावायचा नाही. कोणी घाई केली की भडकायचा. "तापलेल्या तव्यावर पाणी मार घरी जाऊन, आणि बायको काय म्हणते ते मला येऊन सांग," असं तोंडावर बोलायचा. मग बॅटरीची वायर सोडायची, नाजूक जागा पिशव्यांनी गुंडाळून रबराने आवळायच्या, पाण्याची धार लांबून आणि मऊ ठेवायची, मळ ब्रशने काढायचा. शेवटी बॉनेट उघडं टाकून गाडी उन्हात. उन्हाला घाई करता येत नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

पिशव्या म्हणजे खताच्या गोणीच्या आत जाड प्लास्टिकचं अस्तर असतं ना, ते. निंबा तेच कापून, धुऊन, वाळवून ठेवायचा. तो मूळचा धुळे जिल्ह्यातला, शिंदखेड्याकडच्या कोरडवाहू गावचा. कापूस आणि बाजरी बघत वाढलेला. मेहुण्याच्या गॅरेजच्या आधाराने पहूरला आला आणि इथलाच झाला. पण बोली गेली नाही. घरात बठ्ठा, म्हणजे सगळा, कारभार खानदेशीतच चालायचा.

त्याची मुलगी कोकिळा. एकुलती एक, आणि बापाच्या जिवाचा तुकडा. तिला पोलीस व्हायचं होतं. शाळेत असताना गावात एक महिला फौजदार आली होती, तिने टवाळ पोरांना नुसत्या नजरेने गप्प बसवलं, ते या पोरीने बघितलं आणि तिथेच तिचं ठरलं. रोज उजाडायच्या आधी शेंदुर्णीच्या रस्त्याने पळायची. निंबा मोटारसायकलवर मागे, एका हातात मोबाइल, त्यात वेळ लावलेली. लोक हसायचे. "निंबाभाऊ, पोरगी पयते का मोटारसायकल?" निंबा म्हणायचा, "हसा, हसा. उद्या चौकात तीच तुमची गाडी अडवणार शे."

पहिल्या भरतीला ती गोळाफेकीत मागे पडली. मग काही वर्षं भरतीच निघाली नाही. दुसऱ्या खेपेला मैदान मारलं, पण यादीत नाव थोडक्यात हुकलं. आता तिसरी भरती आली होती आणि त्यानंतर वय निघून जाणार होतं. तिची आई झुंबरबाई तर वैतागलीच होती. नरडाण्याच्या एमआयडीसीत नोकरीला असलेल्या एका मुलाचं स्थळ कधीपासून थांबलेलं. तिने लेकीकडून कबूल करून घेतलं, या वेळेला नाही झालं तर मुकाट्याने नरडाणा. कोकिळा म्हणाली, "व्हयी जाई माय, तू दखजो." आणि ती खरंच जोरात पळत होती. निंबाच्या मोबाइलवरची वेळ आठवड्याआठवड्याला खाली येत होती. बापाला रात्री झोपेतसुद्धा तिच्या बुटांचा आवाज ऐकू यायचा.

मैदानी चाचणीची तारीख आली ती नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची. जळगावच्या मैदानात उजाडायच्या आत हजर राहायचं, गेट बंद झालं की झालं. पहिली एसटी तेवढ्या लवकर पोचत नव्हती. कोकिळा म्हणाली, "आबा, मी दसराना संध्याकायलेच जास. भूमिकानी खोलीवर झोपसू." भूमिका म्हणजे तिची जळगावात शिकणारी मैत्रीण. पण निंबाला ते पटेना. सणाच्या दिवशी पोरगी परक्या खोलीत, डासांत, झोप नाही, आणि सकाळी पळायचं? छे! "घर झोप निवांत. आपली वयखीनी गाडी शे ना," तो म्हणाला. गाडी होती जिवरामभाऊंची. जिवरामभाऊ म्हणजे रावेरकडचे केळीवाले, पहूरला सासरवाडीची शेती कसायला आलेले, निंबाचे जुने गिऱ्हाईक. ते स्वतःच म्हणाले होते, "माह्या पिकअपमधी नेतो पोरीले. आपली लेक हाये."

झालं, ठरलं. आणि निंबाच्या मनात आलं, ज्या गाडीने पोरगी आयुष्याची परीक्षा द्यायला जाणार, ती दसऱ्याला इंजिनापासून धुवायची, मग तिची पूजा करायची आणि मग जायचं. बापाची माया, दुसरं काय! कोणी त्याला सांगितलं नव्हतं. जिवरामभाऊ तर म्हणाले होते, वरून पाणी मारलं तरी चालेल.

दसऱ्याच्या आधीचे दोन दिवस वॉशिंग सेंटरवर नुसती जत्रा असते. ट्रॅक्टर, रिक्षा, मोटारसायकली, थ्रेशर, कोणी तर कडबाकुट्टी घेऊन येतो. सगळ्यांना पूजेसाठी यंत्र चकाचक हवं. निंबाच्या कमरेचा काटा ढिला झाला. पिशव्याही फाटून चिंध्या झाल्या. जिवरामभाऊंचा पिकअप आला तो थेट दसऱ्याच्या दुपारनंतर, तोही तापलेला. निंबाने नेम मोडला नाही. गाडी सावलीत लावली आणि बसला. कुंदावहिनी, म्हणजे जिवरामभाऊंची बायको, पूजेचं ताट मांडीवर घेऊन शेडमध्ये बसल्या. ऊन उतरायला लागलं. सोनं लुटायला जायच्या आधी पूजा उरकायची होती.

इंजिन गार झालं तेव्हा निंबा पिशव्या शोधायला लागला. एकही धड नाही. त्याची चुळबुळ बघून जिवरामभाऊंनी सीटच्या मागून एक गठ्ठा काढला. "हे घ्या ना निंबाभाऊ, नवे कोरे हायेत. काल्हीच आनले."

निळ्या, पातळ, चकचकीत पिशव्या होत्या. केळीच्या घडाला घालतात त्या. निंबाचा चेहरा खुलला. लेकीच्या गाडीला फाटक्या चिंध्या नकोच होत्या, नवंच हवं होतं! त्याने एकावर एक दोन घातल्या, फ्यूजच्या डब्याला, डायनामोला, आणि रबरं घट्ट आवळली. तो पिशव्या कशावर आवळतो हे जिवरामभाऊंनी बघितलं नाही, ते टायरला लिंबू बांधत होते. आणि पिशव्या कशा असतात हे निंबाला ठाऊक नव्हतं. केळी त्याने फक्त खाल्ली होती.

मग त्याने इंजिन असं धुतलं की काय सांगावं! कोपऱ्याकोपऱ्यातली जुनी मातीही ब्रशने काढली. लोखंड नव्यासारखं दिसायला लागलं. रबरं सोडली, पिशवी काढली, तर तिच्या आतल्या बाजूला थेंब. निंबा थबकला. पिशवी हातात धरून उभा राहिला. आत पाणी कसं? मग त्याला वाटलं, इंजिनाची धग राहिली असेल, घाम आला असेल. एरवी त्याने डब्याचं झाकण उघडलं असतं, गाडी दुसऱ्या दिवशीच्या उन्हापर्यंत हलू दिली नसती. पण ऊन तर शेडच्या पत्र्यावर चढलेलं आणि कुंदावहिनी हाक मारत होत्या, "भाऊ, दिवा लागला बरं, चला." त्याने वरून कोरडं फडकं फिरवलं, बॅटरी जोडली, गाडी चालू केली. आवाज कसा, ठणठणीत! त्याने बॉनेट बंद केलं.

इंजिनावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. कोकिळाने स्वतःच्या हाताने नारळ फोडला आणि तो आतून नासका निघाला. कुंदावहिनींचा चेहरा पडला. निंबा हसून म्हणाला, "दुकानदारनी चूक शे, गाडीनी नही. दुसरा फोड बेटा."

पहाटे झुंबरबाईने लेकीच्या हातावर दही ठेवलं. जिवरामभाऊ गाडी चालवायला, मध्ये कोकिळा, खिडकीशी निंबा. पोरगी बूट घालून तयार, मांडीवर प्रवेशपत्राची फाइल. नेरी मागे पडलं आणि थोड्याच वेळात गाडीने एक गचका दिला. मग दुसरा. मग दिवे मंद झाले आणि गाडी घरंगळत रस्त्याच्या कडेला गप्प उभी राहिली.

"काय व्हयनं?" कोकिळा म्हणाली.

निंबाने खाली उडी मारून बॉनेट उघडलं. मोबाइलचा उजेड धरला, फ्यूजच्या डब्याचं झाकण काढलं. आत पाणी होतं. रस्त्याच्या हादऱ्यांनी ते डबाभर पसरलं होतं. इतकी वर्षं इतक्या गाड्या, आणि पाणी शिरलं ते याच डब्यात? त्याने सदरा काढला, पुसायला लागला, फुंकर मारायला लागला. जिवरामभाऊ चावी फिरवत होते. काही नाही. जिवरामभाऊंनी दोघातिघांना फोन लावले. सणाच्या दुसऱ्या दिवशी त्या वेळेला कोण उठतंय!

कोकिळा खाली उतरली. एकदा डब्यात वाकून बघितलं. मोबाइलच्या उजेडात सीटखालून निंबाचं फडकं काढून त्याच्या हातात दिलं. मग फाइल टी-शर्टच्या आत खोचली, बुटांच्या नाड्या घट्ट केल्या आणि म्हणाली, "आबा, मी निघनू."

"कोठे?"

ती जळगावच्या दिशेने पळत सुटली होती.

निंबाही तिच्या मागे पळाला, उघड्या अंगाने. कितीसा पळणार? थोड्याच अंतरावर छातीत कळ आली, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. पुढे ती दिसत होती, फटफटायला लागलं होतं. आणि काय पळत होती! आजपर्यंत अशी पळालीच नव्हती. खांदे हलत नव्हते, पाय जमिनीला लागल्यासारखे वाटत नव्हते. शेंदुर्णीच्या रस्त्यावर जे जमावं म्हणून तो इतकी वर्षं ओरडत होता, ते सगळं तिला आज जमलं होतं. सवयीने त्याचा अंगठा मोबाइलवर गेला आणि तसाच राहिला. कोणाला दाखवायची होती ती वेळ? निंबा भर रस्त्यात ढसाढसा रडला. थोड्या वेळाने पुढे लांबवर दुधाची एक गाडी थांबली आणि पोरगी तिच्यात चढताना त्याला दिसली.

ऊन वर आल्यावर पिकअप चालू झाला. जणू काही झालंच नव्हतं. दोघं मैदानावर पोचले तर कोकिळा गेटच्या बाहेर, कुंपणाच्या भिंतीला टेकून बसलेली. बूट काढून शेजारी ठेवलेले. आत शिट्ट्या वाजत होत्या, पोरी पळत होत्या. "गेट बंद व्हयेल व्हतं," ती म्हणाली, एवढंच. निंबा गेटवरच्या पोलिसाच्या पाया पडायला निघाला तर तिने त्याचा हात धरला. "राहू द्या आबा. त्यासना हातमा काय शे?"

गावाला कारण लगेच सापडलं. नारळ. नासका नारळ निघाला तेव्हाच समजायला हवं होतं, असं झुंबरबाई म्हणाली, कुंदावहिनी म्हणाल्या, चहाच्या टपरीवरचा छगन म्हणाला. निंबाचं नाव कोणी घेतलं नाही. उलट, "निंबाभाऊनं धुयेल गाडी बंद पडनी, म्हणजे नशीबच खोटं," असं लोक एकमेकांना सांगत होते. निंबाला ते ऐकवत नव्हतं.

एका दुपारी त्याने शेडमध्ये पडलेली निळी पिशवी घेतली, तोंड धरून नळाखाली भरली. सगळीकडून बारीक धारा सुटल्या. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, सगळ्या पिशवीभर. पिशवी रिकामी झाली तरी हातातच होती.

संध्याकाळी जिवरामभाऊ आले. निंबाने पिशवी पुढे केली. "भाऊ, हिले छेद शेत."

"मंग राहतीनच ना," जिवरामभाऊ हसले. "घडाले हवा नको का लागाले? कोंडून सडीन ना तो." आणि बोलता बोलता ते थांबले. पिशवीकडे बघितलं, रॅम्पकडे बघितलं. "अरे बापा. तुम्ही हे त्या डब्याले..." त्यांनी निंबाच्या खांद्यावर हात ठेवला. "नारळच नासका व्हता निंबाभाऊ. तेच खरं समजा. म्याही कोनाले काही सांगनार नाही."

काय हा मोठेपणा! त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर निंबाला झोप तरी लागली असती. लेकीला सांगावं, असं तो रोज ठरवायचा. ती भाकरी वाढायला समोर बसली की भलतंच काहीतरी विचारून उठून जायचा. पोरगी आता पळायला जात नव्हती. बूट धुऊन, वाळवून, खोक्यात घालून माळ्यावर टाकले होते. नरडाण्याच्या लोकांना होकार कळवला गेला. निंबाने इंजिन धुणं बंद केलं. कोणी आग्रह केला की म्हणायचा, "नजर कमी व्हयनी आते."

लग्न तुळशीच्या लग्नानंतर झालं, पहूरलाच. नवरा मुलगा स्वप्नील तसा सरळ, कमी बोलणारा. त्याच्यात खोट काढायला निंबाने फार प्रयत्न केला, पण सापडली नाही. वरपक्षाची गाडी सकाळी आली ती धुळीने माखून. रस्त्याचं काम चाललेलं, इंजिनापर्यंत माती. स्वप्नीलचा थोरला भाऊ अभिमन मोठ्या उत्साहात म्हणाला, "मामा, तुमचं नाव लई ऐकलंय. नवरीनी गाडी शे, इंजिनबिंजिन बठ्ठं चकाचक पाहिजे."

"इंजिन मी नही धोवत," निंबा म्हणाला.

"आजना दिन तरी नाही म्हणू नका ना मामा!"

घर रॅम्पच्या मागेच. कोकिळा मागच्या दारातून आली, हळदीच्या पिवळ्या हातांनी, हिरवा चुडा वाजवत. तिच्या हातात खताच्या गोणीचं अस्तर होतं. सगळे बघत असताना तिने ते दोन्ही हातांनी पसरून सूर्यासमोर धरलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग घडी केली आणि बापाच्या हातात दिली.

"हाई ल्या, आबा. हिले छेद नहीत."

निंबाला ऐकू आलं, पण कळायला वेळ लागला. अभिमन ड्रायव्हरला हाक मारत तिकडे गेला तेव्हा तो कसाबसा म्हणाला, "तुले माहीत व्हतं?"

"त्याच दिन. सीटखाले पडेल व्हती ती पिशवी. मोबाइलना उजेड छेदमाईन आरपार येत व्हता."

"मंग बोलनी कशी नही?"

"बोलीसन काय करतू? तुमीन पयले कधी कसामा चुकनात?" तिचा आवाज फाटला. "एकदाव चुकनात, ते आपली लेकसाठेच. त्येबी मायापोटी." एवढं बोलून ती घरात निघून गेली. चुड्याचा आवाज दारापर्यंत ऐकू आला.

निंबाने ती गाडी धुतली. गार होऊ दिली. बॅटरी सोडली. जाड पिशव्या बांधल्या, लांबून मऊ पाणी मारलं, झाकणं उघडून आतून पुसलं, बॉनेट उघडं टाकून भर उन्हात उभी केली. लग्न लागलं, जेवणं झाली, तोवर गाडी कडकडीत वाळली होती. एक थेंब राहिला नव्हता. नवरी बसली. निंबाच्या गळ्यात पडून झुंबरबाई रडत होती, आणि गाडी चावीच्या पहिल्या फिरकीला चालू झाली.

पाहुणे पांगले. निंबा एकटाच रॅम्पवर येऊन बसला. आता नेरी आलं असेल. त्याला वाटलं, तिथेच कुठेतरी एक गचका बसावा. मग जळगाव. मग अमळनेर. कुठेतरी बंद पडावी, कडेला उभी राहावी, आणि पोरीने खाली उतरून नाड्या बांधाव्यात आणि इकडे तोंड करून पळत सुटावं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटत होतं, आपण धुतलेली गाडी बंद पडावी.

दिवे लागल्यावर फोन वाजला.

"पोचनूत आम्ही, आबा," कोकिळा म्हणाली. "गाडी कोठेच बंद पडनी नही."

"चांगलं व्हयनं, बेटा," निंबा म्हणाला.